यंत्रनोंदींचे वाचन आणि साधनचिकित्सा : सायबर-आपत्तीच्या तपासात भाषा-प्रतिमानांचे स्थान

१. विषयप्रवेश

धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे महाराष्ट्रात परिचित आहे. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या ह्या प्रदेशात गावपातळीवरील कुलकर्ण्याचे दप्तर मराठीत, बहुधा मोडी लिपीत, लिहिले जाई. वरिष्ठ कचेऱ्यांचा कारभार मात्र १९४८ पर्यंत मुख्यतः उर्दूतून चाले. त्यामुळे गावकऱ्याचे गाऱ्हाणे जसजसे वर जाई तसतशी त्याची भाषा बदले आणि भाषेबरोबर त्याचा आकारही बदले. निवाडा करणाऱ्याच्या हाती गावकऱ्याचा मूळ शब्द क्वचितच पडे. पडे तो कोणा कारकुनाने केलेला त्याचा गोषवारा. मराठवाड्याच्या इतिहासाची साधने हाताळणाऱ्या अभ्यासकास ही अडचण अपरिचित नाही.

तीच अडचण आज निराळ्या रूपाने पुढे आली आहे. १२ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईत ‘महाक्राइमओएस एआय’ ह्या तपास-साहाय्यक प्रणालीचा विस्तार महाराष्ट्रातील सर्व १,१०० पोलीस ठाण्यांपर्यंत करण्याची योजना जाहीर झाली. तत्पूर्वी ही प्रणाली नागपुरातील २३ ठाण्यांत वापरात होती. सायबर-गुन्ह्याची तक्रार व तिच्या सोबतची कागदपत्रे वाचणे, त्यांतील खाते-क्रमांक, दूरध्वनी-क्रमांक व तारखा वेचून काढणे, लागू पडणारी कलमे सुचविणे आणि परस्परांशी संबंध असलेली प्रकरणे जोडून दाखविणे ही तिची कामे होत. ही कामे ती भाषा-प्रतिमानाच्या, म्हणजे इंग्रजीत ज्यास लँग्वेज मॉडेल म्हणतात त्याच्या, साहाय्याने करते. योजना पूर्णपणे अमलात आल्यावर सोनारीतील तक्रारदाराचे म्हणणेदेखील अधिकाऱ्यापुढे जाण्यापूर्वी अशा एका यांत्रिक वाचकाच्या हातून जाऊ शकेल.

ह्या घटनेचा विचार बहुधा यंत्रशास्त्राच्या किंवा प्रशासनाच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत निबंधात तो इतिहासाच्या अंगाने केला आहे. सायबर-आपत्तीचे निवारण हा आरंभापासून मुख्यतः नोंदींच्या वाचनाचा प्रश्न राहिला आहे. भाषा-प्रतिमानांनी हे वाचन शीघ्र केले, परंतु साधनचिकित्सेची गरज कमी न करता ती वाढविली, हे येथील प्रतिपादन आहे.

२. वाचनाच्या प्रश्नाचा उगम

सायबर-आपत्तीच्या तपासाचे एक आरंभीचे आणि आजही उद्बोधक असलेले उदाहरण १९८६ सालचे आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल ह्या खगोलशास्त्रज्ञाकडे संगणक-वापराच्या हिशेबातील ७५ सेंटची तफावत शोधून काढण्याचे काम आले. एवढ्या क्षुल्लक रकमेचा माग काढता काढता, कोणी परका मनुष्य प्रयोगशाळेच्या संगणकात वारंवार प्रवेश करीत असल्याचे उघडकीस आले. स्टॉलने बाहेरून येणाऱ्या तारांना मुद्रणयंत्रे जोडून घुसखोराची प्रत्येक आज्ञा कागदावर उतरविण्याची व्यवस्था केली आणि स्वतः दिनांक-वेळेसह रोजनिशी ठेवली. ह्या धाग्याने तपास अखेर जर्मनीतील हानोव्हरपर्यंत पोहोचला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ह्या तपासात कोणतेही असामान्य यंत्र नव्हते. होते ते समकालीन नोंद आणि ती चिकाटीने वाचणारा मनुष्य.

दुसरे उदाहरण २ नोव्हेंबर १९८८ चे. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस ह्याने सोडलेला एक स्वयंप्रसारी कार्यक्रम तत्कालीन इंटरनेटवर झपाट्याने पसरला. त्या वेळच्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी ६,००० बाधित झाले असावेत, असा अंदाज प्रचलित आहे. बर्कली व मॅसॅच्युसेट्स येथील मंडळींनी त्या कार्यक्रमाची उकल करून उपाय शोधले. परंतु उपाय सांगणारा एक संदेश, ज्या जाळ्यावरून तो जावयाचा तेच कोंडल्यामुळे, वेळेवर पोहोचला नाही. ज्ञान उपलब्ध होते, परंतु ते वाचणाऱ्याच्या हाती नव्हते. ह्या अनुभवातून त्याच महिन्यात पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिले ‘सर्ट’, म्हणजे संगणकीय आपत्ती-निवारण पथक, स्थापन झाले.

पुढील तीन दशकांत नोंदींचे प्रमाण अफाट वाढले. संगणक आपल्या प्रत्येक व्यवहाराची जी कालबद्ध नोंद आपोआप ठेवतो तिला लॉग म्हणतात. १९८६ साली ह्या नोंदी एका मनुष्याला कागदावर वाचता येत. आजच्या मध्यम आकाराच्या बँकेतील एका दिवसाच्या नोंदी वाचावयास मनुष्याचे आयुष्य पुरणार नाही. नोंद नसणे ही पूर्वीची उणीव. नोंद असून ती वेळेत न वाचली जाणे ही नंतरची.

३. महाराष्ट्रातील तीन घटना

ह्या विधानाची सत्यता महाराष्ट्रातील तीन घटनांच्या आधारे तपासता येते.

पहिली घटना जून २०१७ ची. ‘नॉटपेट्या’ नावाच्या विघातक कार्यक्रमाने २७ जून रोजी मर्स्क ह्या जागतिक नौवहन-संस्थेचे संगणक निकामी केले, आणि त्याचा फटका उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच उद्योगसमूहाकडून चालविल्या जाणाऱ्या धक्क्यास बसला. तेथील कामकाज ठप्प होऊन मालवाहू पेट्यांची कोंडी झाली. मर्स्कने पुढे दिलेल्या माहितीनुसार सुमारे १० दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. पडद्यावर खंडणीची मागणी दिसत होती. परंतु ती बहाणाच ठरली, कारण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्या कार्यक्रमात नव्हती. शत्रूने स्वतः लिहिलेला मजकूर हा त्याच्या हेतूचा पुरावा मानता येत नाही, हा ह्या घटनेचा धडा होय.

दुसरी घटना पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची. १९०६ साली स्थापन झालेल्या ह्या बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी ४२ लक्ष रुपये गेले. हल्ल्याची रीत पाहण्यासारखी आहे. एटीएममधून पैसे मागितले असता ती मागणी एका मध्यवर्ती यंत्रणेमार्फत, म्हणजे ‘स्विच’मार्फत, बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते व तेथे शिल्लक तपासून होकार किंवा नकार मिळतो. हल्लेखोरांनी ह्या वाटेवर एक बनावट मध्यस्थ बसविला. मागणी मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती. मध्यस्थच होकार देत होता. ११ ऑगस्ट रोजी २८ देशांतून सुमारे १२,००० व्यवहारांद्वारे ७८ कोटी आणि भारतात सुमारे २,८०० व्यवहारांद्वारे अडीच कोटी रुपये बनावट कार्डांनी काढले गेले. १३ ऑगस्ट रोजी ‘स्विफ्ट’ संदेशाद्वारे १३ कोटी ९२ लक्ष रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविले गेले. अशा प्रकारचा जागतिक हल्ला होऊ घातला असल्याची गोपनीय सूचना अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना १० ऑगस्ट रोजी, म्हणजे एक दिवस आधी, दिली होती. इशारा, नोंद आणि घटना ह्या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या इतक्या जवळ असूनही त्यांचा मेळ वेळेत बसला नाही. पुढे २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ-मंडळाच्या अहवालात ह्या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडण्यात आला. भारतात पैसे काढणाऱ्यांपैकी ११ जणांना एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोषी ठरविले.

तिसरी घटना १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसरातील वीजपुरवठा खंडित होण्याची. १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख ह्यांनी सायबर-विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता असल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह ह्यांनी खंडाचे कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. येथे दोन विधानांतील भेद सूक्ष्म आहे. वीज-यंत्रणेच्या संगणकांत परका कार्यक्रम आढळणे ही एक गोष्ट. त्यानेच वीज गेली हे सिद्ध होणे ही दुसरी. एका काळी दोन गोष्टी घडल्या म्हणून त्यांत कार्यकारणभाव मानणे हा इतिहासलेखनातील जुना दोष आहे, आणि तपासातही तो तितकाच संभवतो.

४. विधिविषयक चौकट

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. राष्ट्रीय पातळीवरील ‘सर्ट-इन’ ही संस्था जानेवारी २००४ मध्ये कार्यान्वित झाली आणि २००८ च्या दुरुस्तीने कलम ७०-ब अन्वये तिला राष्ट्रीय संस्थेचे स्थान प्राप्त झाले. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावे असे आहेत. त्यांत तीन गोष्टी प्रमुख आहेत : आपत्ती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत तिची वर्दी द्यावी, लॉग १८० दिवस जपून ठेवावे, आणि सर्व यंत्रांची घड्याळे नेमून दिलेल्या प्रमाणवेळेशी जुळती ठेवावी.

शेवटच्या निर्देशाचे मर्म फसली सन, शुहूर सन आणि शालिवाहन शक ह्यांचा मेळ जंत्रीच्या साहाय्याने घालणाऱ्या संशोधकास सांगावे लागणार नाही. एका सर्व्हरची नोंद जागतिक प्रमाणवेळेत आणि दुसऱ्याची भारतीय वेळेत असेल, तर साडेपाच तासांच्या फरकाने कारण व परिणाम ह्यांचा क्रम उलटा होऊ शकतो.

पुराव्याच्या बाबतीत एक महत्त्वाचा निर्णय मराठवाड्यातूनच उद्भवला आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीसंबंधीच्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा निर्वाळा दिला की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची केवळ प्रत सादर केली असता तिच्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ साधनच न्यायालयापुढे आल्यास त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने हेच तत्त्व पुढे नेले असून, प्रमाणपत्रात नोंदीचे ‘हॅश’ मूल्य देण्याची तरतूद केली आहे. हॅश म्हणजे नोंदीतील मजकुरावरून गणिताने काढलेली खूण; मजकुरात एक अक्षर बदलले तरी ती बदलते. अस्सल आणि नक्कल ह्यांतील जो भेद दप्तरखान्यात कागद, शाई व शिक्का ह्यांवरून ठरविला जातो, तोच येथे अंकांनी ठरतो.

५. भाषा-प्रतिमानांचा प्रवेश

भाषा-प्रतिमान हे प्रचंड लिखित मजकुरावर घडविलेले, शब्दांच्या परस्परसंबंधांवरून पुढील शब्दाचे अनुमान करणारे गणिती साधन होय. आजच्या प्रतिमानांची मूळ रचना २०१७ साली प्रसिद्ध झाली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाल्यावर त्यांचा सार्वत्रिक प्रसार झाला. आपत्ती-निवारणात त्यांचा उपयोग लवकरच सुरू झाला. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२३ मध्ये ‘सिक्युरिटी कोपायलट’ जाहीर केले व एप्रिल २०२४ पासून ते सर्वांस उपलब्ध झाले. महाराष्ट्रात मार्च २०२४ मध्ये गुन्हे-तपासाच्या कार्यासाठी ‘मार्व्हल’ ही शासकीय संस्था स्थापन झाली. आरंभी उल्लेखिलेली प्रणाली तिने सायबरआय ही कंपनी व मायक्रोसॉफ्ट ह्यांच्या सहकार्याने उभी केली आहे.

निवारण-पथकास ह्या साधनाचा उपयोग चार प्रकारे होतो. धोक्याच्या शेकडो सूचनांतून तातडीच्या सूचना वेगळ्या काढणे हा पहिला. निरनिराळ्या यंत्रांच्या नोंदी एकत्र करून घटनाक्रम मांडणे हा दुसरा. हल्लेखोराने मुद्दाम दुर्बोध केलेल्या कार्यक्रमाचा अर्थ साध्या भाषेत उलगडून सांगणे हा तिसरा. बँका, दूरसंचार कंपन्या व वरिष्ठ कार्यालये ह्यांना पाठवावयाच्या पत्रांचे व अहवालांचे मसुदे तयार करणे हा चौथा. आर्थिक फसवणुकीत गेलेला पैसा काही तासांतच एका खात्यातून अनेक खात्यांत पांगतो. १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार जितक्या लवकर नोंदविली जाईल आणि संबंधित बँकांना पत्रे जितक्या लवकर जातील, तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक. ज्या ठाण्यात सायबर-तज्ज्ञ नाही तेथे हे साहाय्य मोलाचे आहे, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

६. प्रतिमान आणि साधनचिकित्सा

ह्या उपयुक्ततेबरोबर जे दोष येतात ते इतिहासकाराच्या परिचयाचे आहेत.

पहिला दोष कल्पित भर घालण्याचा. प्रतिमान जेथे माहिती नसेल तेथेही सुसंगत वाक्य रचते, आणि त्या वाक्याचा सूर खऱ्या वाक्याइतकाच ठाम असतो. बखरकाराची प्रवृत्ती अशीच होती. पोकळ जागा त्याला सोसत नसे. संवाद, संख्या व हेतू ह्यांनी तो ती भरून काढी. वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना अस्सल समकालीन कागदपत्रांना बखरीहून वरचे स्थान दिले ते ह्याच कारणाने. ह्या दृष्टीने लॉग हे समकालीन पत्र होय आणि प्रतिमानाने दिलेला घटनाक्रम ही बखर होय. बखर टाकाऊ नसते; ती कोठे शोधावे हे सांगते. परंतु पत्राने दुजोरा मिळेपर्यंत तिच्यावर निर्णय आधारता येत नाही. हा दोष हल्लेखोराच्या हातातील प्रतिमानासही सोडीत नाही. अँथ्रॉपिक ह्या कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, तिच्या प्रतिमानाचा दुरुपयोग करून हेरगिरी करणाऱ्यांना ते प्रतिमान अधूनमधून न मिळालेली माहिती मिळाल्याचे सांगत होते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. आपत्तीच्या नोंदींचा काही भाग स्वतः शत्रूने लिहिलेला असतो. त्याने पाठविलेले पत्र, धारिकेला दिलेले नाव, प्रवेशासाठी टंकलेला मजकूर हे सर्व लॉगमध्ये उतरते. प्रतिमानास वाचावयाचा मजकूर आणि पाळावयाची आज्ञा ह्यांतील भेद पूर्णतः करता येत नाही. त्यामुळे नोंदीत दडविलेली आज्ञा ते पाळू शकते. ह्या प्रकारास २०२२ पासून ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ म्हणतात. जून २०२५ मध्ये उघड झालेल्या ‘एकोलीक’ ह्या त्रुटीत, केवळ एक ई-पत्र पाठवून मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटकरवी संस्थेची अंतर्गत माहिती बाहेर काढता येणे शक्य असल्याचे दिसून आले. ती त्रुटी नंतर दूर करण्यात आली. दप्तर वाचणाऱ्या कारकुनास दप्तरातील कागदानेच फितवावे, असा हा प्रकार आहे. मानवी वाचक शत्रूचे पत्र वाचून शत्रूचा चाकर होत नाही. यांत्रिक वाचक होऊ शकतो.

तिसरा दोष भाषांतराचा. आज सोनारी परिसरात ऊसाचे बिल, शासकीय अनुदान व पीकविमा ह्यांच्या रकमा बँक-खात्यांतूनच फिरतात. फसवणुकीची भाषाही गावची असते. “मी नंबर सांगितला नाही, त्याने काढून घेतला” ह्या बोलीतील वाक्यात संमती दिली होती की नाही हा सर्व प्रश्न सामावलेला असतो. त्याचे प्रमाण मराठीत, मग इंग्रजीत आणि शेवटी कलमांच्या भाषेत रूपांतर होताना “तक्रारदाराने क्रमांक दिला” असे व्हावयास फारसा वेळ लागत नाही. अनधिकृत व्यवहाराबाबत बँक व ग्राहक ह्यांपैकी नुकसान कोणी सोसावयाचे हे ठरविताना ग्राहकाची हयगय झाली की नाही ह्यास रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने महत्त्व दिले होते. एका क्रियापदाच्या फरकाने एखाद्या कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाचा निकाल लागू शकतो. संस्थानी काळात कारकुनाच्या लेखणीने जे घडे, तेच यंत्राच्या हातून अधिक वेगाने व अधिक सुबक भाषेत घडण्याचा संभव आहे. आणि मजकूर सुबक असला की त्याविषयी शंका कमी घेतली जाते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून भाषा-प्रतिमानांचा उपयोग टाळावा असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. कॉसमॉस बँकेच्या प्रकरणात उणीव होती ती शीघ्र वाचनाची, आणि शीघ्र वाचन हाच ह्या साधनाचा गुण आहे. प्रश्न आहे तो ह्या वाचनास पुराव्याच्या श्रेणीत कोणते स्थान द्यावयाचे हा. ह्याबाबत तीन नियम इतिहासशास्त्राच्या अनुभवातून सुचतात. प्रतिमानाकडे नोंद सोपविण्यापूर्वी मूळ नोंद हॅशसह वेगळी जपली जावी. तक्रारीच्या बाबतीत तक्रारदाराचे स्वतःच्या बोलीतील शब्द हीच मूळ नोंद मानावी. प्रतिमानाच्या प्रत्येक विधानापुढे ते ज्या नोंदीवरून केले तिचा निर्देश असावा. निर्देश नसलेले विधान अनुमान समजावे. सर्व्हर बंद करणे, खाते गोठविणे किंवा एखाद्यास आरोपी ठरविणे ह्यांसारखा परिणामकारी निर्णय मूळ नोंद स्वतः वाचणाऱ्या जबाबदार मनुष्यानेच घ्यावा.

ह्यांपैकी एकही नियम नवा नाही. दप्तरखान्यात बसून अस्सल व नक्कल, समकालीन व उत्तरकालीन, साक्षीदार व सांगोवांगी ह्यांचा भेद करावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्यास ते पहिल्याच वर्षी सांगितले जातात. आजवर ह्या भेदाची उपेक्षा झाली तर एखाद्या लढाईची तिथी चुके. यापुढे ती झाली तर सोनारीच्या शेतकऱ्याची गेलेली रक्कम परत मिळण्याची वाट बंद होईल, किंवा एखादा निरपराध मनुष्य आरोपीच्या यादीत जाईल. म्हणून साधनचिकित्सेचे शिक्षण हा इतिहास-विभागापुरता विषय न राहता तपास-अधिकाऱ्याच्या शिक्षणाचाही भाग होणे अगत्याचे आहे.